विशाखाच्या लग्नाची असल कॅसेट

लग्नाला सव्वा महिना उलटल्यावर, एका मंगळवारी, कॅसेट घरी आली. तलमडुगूच्या मंडल रेव्हेन्यू कचेरीतले रेकॉर्ड सांभाळणारे कारकून नागनाथराव गजभारे यांनी ती आदिलाबादहून बसमध्ये मांडीवर ठेवून आणली. कंडक्टरने दोनदा "वर टाका की फळीवर" असं सुचवलं. नागनाथरावांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तिसऱ्यांदा सुचवणं सोडाच, त्याने तिकीटसुद्धा तपासलं नाही. कॅसेटवर लाल शाईने एकच शब्द लिहिला होता : 'असल'.

हा शब्द नागनाथरावांनी स्वतः निवडून दिला होता. कचेरीत निजामाच्या काळापासून कागदाच्या दोनच जाती असतात, असल आणि नक्कल. असल म्हणजे मूळ कागद. त्यावर सही, शिक्का, खाडाखोड, कुण्या जुन्या कारकुनाच्या चहाचा डाग, सगळं असतं आणि ती कचेरीच्या बाहेर जात नाही. पक्षकाराला मिळते ती नक्कल, कामापुरती. बावीस वर्षं हेच केलेल्या माणसाने व्हिडिओवाल्या महिपतला दुसरं काय सांगावं? "एक लंबी कॅसेट कर, जशी निघाली तशी. एक कापून-छाटून, गानी टाकून कर. असल माझ्या घरी, नक्कल किनवटले, इवायाकडं." महिपतने मान डोलावली. नागनाथरावांनीही डोलावली. दोन माणसांनी एकाच वेळी मान डोलावली की काम चोख झालं, असं आपण सगळेच समजतो.

टीव्ही शेजारच्या केशवरावांचा. केशवराव निवृत्त गिरदावर. जन्मभर लोकांच्या जमिनी मोजत फिरल्यामुळे त्यांना अजूनही कुठलीही वस्तू दिसली की तिची लांबी-रुंदी सांगावीशी वाटे. कॅसेट लावायचं यंत्र भाड्याने आणलं. सतरंजी पडली. अंगणवाडीच्या विठाबाई हात न धुताच आल्या. नागनाथरावांच्या पत्नी चंद्रभागाबाई लग्नातलीच साडी नेसून बसल्या. पडद्यातल्या स्वतःला ओळखणं सोपं जावं म्हणून की काय, ते त्यांनी सांगितलं नाही.

पडद्यावर कमळ उमललं. कमळातून विशाखाचा चेहरा निघाला. जावई एका बर्फाच्या डोंगरावरून घसरत खाली आले. तलमडुगूत बर्फ फक्त सोड्याच्या दुकानात मिळतो, पण ते असो. मग गाणं लागलं, ते तेलुगू होतं, आणि त्या गाण्याच्या दोन कडव्यांत पाहुणे आले, बसले आणि टाळ्या वाजवून मोकळे झाले. मंगलगाथा अर्ध्या मिनिटात आटोपली. वधूवर एका बदामाच्या आकारात फिरले, मग सफरचंदाच्या, मग कसल्याशा पानाच्या.

"थांबा, थांबा!" विठाबाई ओरडल्या. "तो कोपर माझा हाये!"

मागे फिरवून पाहिलं. बुंदीच्या घमेल्याजवळ खरोखरच एक कोपर दिसत होता. हिरव्या बांगड्या, कोपर, संपलं.

मग नागनाथरावांचे व्याही, किनवटच्या शाळेचे हेडमास्तर सुधाकरराव, माईकसमोर उभे राहिले. मांडवात त्यांनी स्त्रीशिक्षणावर चाळीस मिनिटं भाषण केलं होतं. पडद्यावर ते "मित्रहो" म्हणाले, एक चांदणी गरगर फिरली आणि ते "धन्यवाद" म्हणून खाली बसले. नागनाथराव इतके हसले की त्यांना ठसका लागला. महिपतच्या कलेविषयी त्यांच्या मनात जो काही आदर निर्माण व्हायचा तो त्या घटकेला झाला.

पाऊण तासात कॅसेट संपली. पडद्यावर मुंग्या आल्या. केशवरावांनी घड्याळ पाहून "पंचेचाळीस मिनिटं, वीस सेकंद" अशी मोजणी जाहीर केली.

चंद्रभागाबाई मात्र उठल्या नाहीत. "आवो," त्या हळूच म्हणाल्या, "दादा कुठं हायेत?"

कॅसेट पुन्हा पहिल्यापासून लावली. कमळ, बर्फ, बदाम, कोपर, चांदणी. नागनाथरावांचे थोरले भाऊ रामाजी त्यात कुठेच नव्हते. त्यांचा कोपरसुद्धा नव्हता.

आता इथे हसण्यासारखं काही राहिलं नाही. रामाजी म्हणजे ज्या माणसाने पाटलाच्या शेतावर अठरा वर्षं सालगडी म्हणून राबून धाकट्या भावाला मॅट्रिकपर्यंत पोचवलं तो माणूस. स्वतःला लेकरू नाही, म्हणून विशाखाला खांद्यावर वाढवलं. लग्नात पुकारणाऱ्याने "वधूचे मोठे बाबा दोन शब्द बोलतील" असं जाहीर केलं तेव्हा रामाजी नवं धोतर सावरत उठले, माईकपाशी गेले आणि गप्प उभे राहिले. तीन-साडेतीन मिनिटं. शब्दच फुटेना. शेवटी काहीतरी पुटपुटून खाली बसले. पण समोर कॅमेऱ्याचा दिवा पेटलेला होता हे त्यांनी पाहिलं होतं, आणि त्या दिवसापासून ते आपल्या खेड्यात गावभर सांगत होते, "म्या भाषन केलं, शिनेमात आलं ते." येत्या रविवारी गावातली दहा-बारा माणसं घेऊन ते तो सिनेमा बघायला यायचे होते. ट्रॅक्टर ठरला होता.

रामाजींनी आयुष्यात कधी कुणाकडे काही मागितलं नव्हतं. पहिल्यांदाच काही पाहायला मागितलं, आणि तेवढंच कापलं गेलं. नागनाथरावांना त्या रात्री भाकर गेली नाही.

बुधवारी सकाळी शेजाऱ्यांनी सल्ले दिले. विठाबाईंचं म्हणणं, ऐन वेळी लाईट गेली म्हणायचं. "रविवारी सरकारच लाईट नेते, आपल्याले खोटं बी बोला नाई लागत." केशवरावांनी सांगितलं, रामाजींचा फोटो काढून पडद्यावर बरोबर मध्यभागी चिकटवायचा, "चार इंच बाय सहा इंच बसते, म्या मोजलं." चंद्रभागाबाईंनी कुणाचं ऐकून घेतलं नाही. त्या म्हणाल्या, "ज्यानं कापलं त्यालेच विचारा."

त्यासाठी रजा हवी. मंडल रेव्हेन्यू अधिकारी तेलुगू, नवे आणि नियमाला धरून चालणारे. अर्जात कारण लिहावं लागे. नागनाथराव अर्धा तास विचार करून खरं तेच लिहून मोकळे झाले : 'थोरल्या भावाचे भाषण गहाळ झाल्याने शोधार्थ.' साहेबांनी अर्ज तीनदा वाचला. हिंदीत विचारलं, "भाषण सरकारी था क्या?" नाही म्हटल्यावर तीन दिवसांची रजा मंजूर केली आणि वर शेरा मारला, 'मिळाल्यावर कळवावे.'

महिपतचं दुकान आदिलाबादला, बसस्टँडच्या मागे. महिपत मूळचा सरहद्दीवरच्या कापूसवाल्यांच्या घरातला, पण हैदराबादला आठ महिने एका सिनेमाच्या कापाकापीच्या खोलीत फिल्मच्या पट्ट्या टांगायच्या कामाला होता. तिथून परत आल्यापासून तो स्वतःला फोटोग्राफर म्हणवून घेत नसे.

"रामाजीले काऊन कापलं?" नागनाथरावांनी दारातूनच विचारलं.

"बसा न साहेब. कोन रामाजी?"

"माईकसमोर उभे होते ते! पांढरं धोतर!"

"हां, ते सायलेंट." महिपतला लगेच आठवलं. "साहेब, त्यात काईच होऊन नाई राह्यलं न. मानूस उभा हाये. ओठ बी हालत नाई. पब्लिक शिट्ट्या मारते अशा ठिकानी."

"लग्नात कोन शिट्टी मारते बे?"

"तुमाले नाई समजाचं. शिनेमा म्हनजे काय ठेवाचं ते नाई, काय कापाचं ते. डायरेक्टरले पाहा लागते."

"डायरेक्टर कोन?"

"मी."

"लग्न कोनाच्या पोरीचं?"

"पोरगी तुमची, शिनेमा माझा."

नागनाथराव खुर्चीवर बसले. बावीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्याशी असं कुणी बोललं नव्हतं. कारण आजवर खिडकीच्या आतल्या बाजूला तेच बसत आले होते. शेवटी त्यांनी आवाज खाली आणला. "बरं, मंग माझी असल दे. लंबी."

"दिली न तुमाले. लाल शाईनं लिहून दिली."

"ते तं कापलेली हाये!"

"मंग? तेच असल." आणि महिपतने सगळं उलगडून सांगितलं. हैदराबादच्या आठ महिन्यांत महिपतचं निम्मं डोकं तेलुगू झालं होतं, आणि तेलुगूत 'असलु' म्हणजे मुख्य मुद्दा, खरी गोष्ट. तेव्हा कापून, तासून, मुद्द्याचं तेवढं राखलेली कॅसेट ती असल. तीन तासांचं जसंच्या तसं भरताड उरलं, त्याच्यावर 'नक्कल' लिहून ते दोन आठवड्यांपूर्वीच जावयांच्या हाती किनवटला रवाना झालं.

"कॅमेऱ्यातलं मूळ तरी हाये न?"

महिपतने मान खाली घातली. त्या पट्टीवर आता दुसऱ्या कुणाच्या तरी हळदीचा कार्यक्रम भरला होता.

म्हणजे रामाजी साऱ्या जगात फक्त एका ठिकाणी उरले होते, किनवटला, व्याह्यांच्या कपाटात. आणि तेवढ्यात नागनाथरावांना आणखी एक गोष्ट आठवली. सुधाकररावांचं भाषण संपलं तेव्हा नागनाथराव स्वतः कॅमेऱ्याला अगदी लागून उभे होते. आणि ते काहीतरी बोलले होते. चंद्रभागाही बोलली होती. ते बोलणं व्याह्यांनी ऐकण्यासारखं नव्हतं.

शुक्रवारी सकाळच्या गाडीने ते किनवटला उतरले. पिशवीत असल होती. सुधाकररावांनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि मग चष्मा पुसायला घेतला.

"नागनाथराव, एक गोष्ट स्पष्ट बोलतो. असल तुम्ही ठेवून घेतलीत आणि आम्हाला नक्कल पाठवलीत. मुलाकडच्या माणसांना नक्कल! आमच्याकडे नक्कल म्हणजे माकडचेष्टा. मी विशाखाला काही बोललो नाही, पण मनाला लागलं."

नागनाथरावांनी जन्मात इतक्या चपळाईने पिशवीत हात घातला नव्हता. "त्याच्याचसाठी आलो न इवाईबुवा. हे घ्या असल. नक्कल मले द्या."

सुधाकररावांचा चेहरा उजळला. त्यांनी लाल अक्षरं वाचली, कॅसेट छातीशी धरली. आणि नागनाथरावांना, खरं सांगायचं तर, थोडी लाज वाटली. या असलमध्ये व्याह्यांचं सगळं स्त्रीशिक्षण एका चांदणीत उडालं आहे, हे सांगायला तोंड उघडलं होतं त्यांनी. पण रामाजी आठवले आणि ते मिटलं.

"नक्कल शाळेत आहे," सुधाकरराव म्हणाले. "मुलांना भाषण दाखवलं. कपाटाची किल्ली शिपायाकडे आणि शिपाई गावाला गेला आहे. उद्या या."

उद्या या! हे दोन शब्द नागनाथरावांनी बावीस वर्षांत किती माणसांना ऐकवले असतील याचा हिशोब नाही. आपल्याला कुणी ऐकवले की ते पोटात कुठे जाऊन बसतात, हे मात्र त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. ते मुकाट्याने मुक्कामाला राहिले.

संध्याकाळी विशाखाने चहा आणून दिला आणि मान वर न करता म्हणाली, "बाबा, तुमी आन् आई काय बोलले ते म्या ऐकलं."

चहा बशीत सांडला. "मामंजींनी?"

"नाई अजून. ते स्वतःच्या भाषनाले लावतात आन् टाळ्या पडल्या का मागं फिरवतात. सहा डाव पाह्यलं, पन टाळ्यायच्या पुढं नाई गेले." मग ती जरा थांबली. "शाळेत न्यायच्या आधी मी दुपारी एकटीच लावत होती. मोठबा नुसते उभे हायेत न, तेवढंच. बाबा, ते कॅसेट नीट ठेवजा."

नागनाथरावांनी नुसती मान डोलावली. या घरात बोलता न येणं आनुवंशिक असावं.

शनिवारी दुपारी शिपाई आला, किल्ली आली, नक्कल हाती पडली. सुधाकररावांनी 'नक्कल परत, असल प्राप्त' अशी पावती दोन प्रतींत लिहून घेतली. नागनाथराव कॅसेट सदऱ्याच्या आत घालून गाडीत बसले.

रविवारी दहाच्या सुमाराला ट्रॅक्टर आला. ट्रॉलीतून रामाजी उतरले, लग्नातलंच धोतर, वर कुणाचा तरी कोट. मागून धोंडीबा, प्रयागबाई आणि गावची सारी मंडळी. केशवरावांनी टीव्ही ओसरीवर आणून ठेवला होता. रामाजींना मधोमध खुर्ची दिली, ते सतरंजीवरच बसले.

नागनाथराव कॅसेट आत सरकवणार इतक्यात फाटक वाजलं. सुधाकरराव. पहाटेची गाडी, मग जीप, आणि आता थेट अंगणात. हातात असल.

"नागनाथराव! चाळीस मिनिटं बोललो मी! चाळीस! आणि यात काय आहे? मित्रहो, धन्यवाद! मधली माझी सगळी मुद्देसूद मांडणी, ती कुठे गेली? काल रात्री आमच्या गल्लीतली माणसं हसली मला!"

रामाजींना या भानगडीतलं काही ठाऊक नव्हतं. ते उठले, व्याह्यांचा हात धरला आणि त्यांना आपल्या शेजारी बसवलं. "बसा न इवाईबुवा. उन्हाचे आले. तुमचं भाषन आता येतेच. तुमचं झालं का मंग माझं हाये."

कॅसेट सुरू झाली. कमळ नव्हतं, बर्फ नव्हता. मांडवाचा एक खांब दिसला, बराच वेळ खांबच दिसला, मग त्याच्यामागून एक बकरी निघून गेली. धोंडीबा म्हणाले, "हे तं आपल्या चंपतची बकरी!" आणि जो आनंद झाला तो काय सांगावा. मग पाहुणे उतरले, एकेक करून, प्रत्येकाने चपला कुठे काढल्या इथपर्यंत. विठाबाई पूर्ण दिसल्या, कोपरासकट, आणि बुंदी वाढणाऱ्याशी भांडतानाचा त्यांचा आवाजही आला. "वळख पडली न आता!" म्हणून त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं. मंगलगाथा अखेरपर्यंत झाली. प्रयागबाईंनी हात जोडले ते तिथे बसल्या बसल्याच. तीन तासांच्या त्या भरताडात कुणीही कुठल्या आकारात फिरलं नाही, आणि तरी कुणी पाणी प्यायलासुद्धा उठलं नाही. महिपतच्या कॅसेटीत सिनेमा होता, हिच्यात लग्न होतं.

मग सुधाकररावांचं भाषण आलं. सगळं, चाळीस मिनिटं. सुधाकरराव ओठांनी सोबत बोलत होते. त्यांचा राग वितळत चालला होता. रामाजी ताठ बसून एकेक शब्द ऐकत होते, कोटाची बटणं लावत होते, सोडत होते. पुढचा नंबर त्यांचा.

नागनाथराव यंत्रापाशी उभे. बोट बटणावर. टाळ्या पडल्या की पुढे पळवायचं, एवढं सोपं काम. पण भाड्याचं यंत्र, एकदा पळालं की पाच-पाच मिनिटं पुढे जाऊन थांबे. त्यांनी सकाळीच दोनदा करून पाहिलं होतं. एकदा ते थेट जेवणाच्या पंगतीत जाऊन थांबलं आणि एकदा पोरीच्या पाठवणीत. दोन्ही वेळा रामाजी मध्येच गेले. टीव्हीचा आवाज बंद करावा तर ते बटण केशवरावांच्या ताब्यात, आणि ते सगळ्यांदेखत कारण विचारणार. बोलणं चुकवायचं तर भाऊ चुकणार. भाऊ दाखवायचा तर व्याह्यांनी ते ऐकायचं.

टाळ्या पडल्या. सुधाकरराव सवयीने म्हणाले, "आता मागे घ्या जरा."

नागनाथरावांनी बटणावरचं बोट काढलं आणि हात पाठीमागे बांधले.

पडद्यातून त्यांचा आवाज आला, अगदी कानाशी बोलल्यासारखा : "संपलं बापा एकदाचं! मले वाटलं, यायची शाळा इथंच मांडवात भरते का काय."

मग चंद्रभागाबाईंचा : "हळू बोला न. त्यायच्याकडचे लय जेवून राह्यले, भात पुरते का पाहा."

पुन्हा नागनाथराव : "भाषनानंच पोट भरलं असंल तं बरं."

चंद्रभागाबाईंनी पदर तोंडावर ओढून घेतला. केशवराव आकाश मोजू लागले. सुधाकररावांचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. ते उठायला लागले, गुडघ्यावर हात ठेवला, तोंड उघडलं.

"श्श्," रामाजी म्हणाले. त्यांनी ऐकलंच नव्हतं काही. त्यांचे डोळे पडद्यावर खिळले होते. "आता मी."

सुधाकरराव अर्धवट उठलेले तसेच राहिले. पडद्यावर रामाजी आले. माईकशी उभे राहिले. आणि काहीच बोलले नाहीत. अर्धं मिनिट गेलं. एक मिनिट गेलं. गावच्या मंडळींत चुळबुळ सुरू झाली. "काऊन बोलत नाई हो?" धोंडीबांनी विचारलं. "आवाज गेला का?" केशवरावांनी उठून आवाज वाढवला. मांडवातली कुजबुज मोठी झाली, रामाजी गप्पच. ट्रॅक्टर करून आणलेल्या बारा माणसांसमोर रामाजींची मान हळूहळू खाली जाऊ लागली, आणि नागनाथरावांना वाटलं, महिपतने कापलं तेच बरं केलं होतं. आपणच भावाला चव्हाट्यावर आणून उभं केलं.

"इवाईबुवा," रामाजी म्हणाले.

पडद्यातले नव्हे, सतरंजीवरचे. नजर पडद्यावरच होती.

"मले तवा हेच बोलाचं होतं. घसा धरला, नाई निघालं. आमची पोरगी वाचत बसते. चुलीपाशी बी वाचते. मंग भाकर करपते. करपली तं तिले बोलू नका. मले सांगा, मी येतो न् खातो. मालकाच्या घरी अठरा साल करपलेल्याच खाल्ल्या, मले सवय हाये. पन त्या भाकरी कोनी वाचता वाचता नाई करपवल्या. हिची करपलेली गोड लागते. तेवढंच." ते जरा थांबले. "तुमी चांगले हा. तुमच्या भाषनात तेच होतं, पोरींनी शिकावं म्हनून. लंबं होतं, पन तेच होतं."

पडद्यावरच्या रामाजींचे ओठ आता कुठे हलले. माईकमधून खरखर करत तेवढेच तीन शब्द निघाले : "जेवून जा सगळे." आणि ते खाली बसले.

कुणी हसलं नाही. सुधाकरराव सावकाश पुन्हा सतरंजीवर टेकले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा पुसला.

"नागनाथराव," अखेर ते म्हणाले, "हे एवढं मागे घ्या. पुन्हा लावा."

"दादा, पुन्हा बोलान का?" नागनाथरावांनी विचारलं.

"आता काय बोलू? बोललो न."

नागनाथरावांनी कॅसेट मागे घेतली. दुसऱ्या वेळी रामाजी माईकसमोर उभे होते आणि सतरंजीवरचे रामाजीही गप्प होते. साडेतीन मिनिटं पुरा अंगणभर माणूस गप्प बसून एका गप्प माणसाकडे पाहत होता. केशवरावांनीसुद्धा घड्याळ पाहिलं नाही. नागनाथरावांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते त्यांनी पुसलं नाही, कारण हात अजून पाठीमागे बांधलेलेच होते.

"यातलं काही कापू देऊ नका," सुधाकरराव म्हणाले. "कापायचीच वेळ आली तर माझं कापा."

पडद्यावरच्या रामाजींनी पुन्हा सगळ्यांना जेवायला सांगितलं. बारा गावकरी, दोन शेजारी आणि एक व्याही, कुणीही जागचं हललं नाही. चंद्रभागाबाईंनी एकदा त्या गर्दीकडे पाहिलं, पदर खोचला आणि मोठं पातेलं काढायला आत गेल्या.